उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांविषयी: ब्रिटनमधील विक्का कव्हनांच्या ज्येष्ठांना खुले पत्र

आदरणीय ज्येष्ठांनो,

स. न. वि. वि.

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मिडलंड्समधल्या एका गावात, पबच्या माडीवरच्या खोलीत, आपली महिन्याची मूट, म्हणजे विक्का हा इंग्लंडमध्ये उदयाला आलेला धर्म मानणाऱ्यांची बैठक, भरली होती. सावीनचा सण तोंडावर आलेला, त्यामुळे एरवी दहा-बारा डोकी असतात तिथे तीसेक माणसे जमली होती आणि खालून जादा खुर्च्या आणाव्या लागल्या होत्या. त्यांतल्या एका खुर्चीवर, अगदी दाराला लागून, एकोणीस-वीस वर्षांची एक मराठी मुलगी बसली होती. ती इथे नर्सिंग शिकते. एकट्याने विक्का आचरणाऱ्यांसाठी लिहिलेले एक जुने पुस्तक तिच्या मांडीवर होते आणि त्याच्या पानांना पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या इतक्या चिकटवलेल्या होत्या की पुस्तक धड मिटत नव्हते. प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा ती शाळेतल्यासारखी उभी राहिली. उभे राहून प्रश्न विचारणारी त्या खोलीत ती एकटीच. वसतिगृहाच्या खोलीत मेणबत्ती लावायला मनाई आहे, मीठ स्वयंपाकघरात सामाईक आहे, घरून आलेली हळद मात्र माझ्या कपाटात आहे, तर मिठाऐवजी हळदीने विधीचे वर्तुळ आखले तर चालेल का, असे तिने विचारले.

उत्तर कोणीच दिले नाही. तीस वर्षांची साधना असलेल्या एका बाईंनी हसतहसत "बाळ, याला विक्का म्हणत नाहीत" एवढे म्हटले, मागून कोणीतरी 'फ्लफी बनी' असे पुटपुटले आणि खोलीत हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होते. मध्यंतर झाले तेव्हा ती मुलगी निघून गेलेली होती आणि टेबलावर तिचा लेमोनेडचा अर्धा ग्लास तसाच होता.

त्या हशाने मला हे पत्र लिहायला लावले. त्याची इंग्रजी प्रत मी तुमच्यापैकी ओळखीच्या सर्वांना पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहिते आहे, कारण लेस्टर-लंडनमध्ये राहणाऱ्या आणि पुण्या-मुंबईहून विचारणा करणाऱ्या मराठी मुलामुलींची पत्रे गेल्या चार-पाच वर्षांत मला वरचेवर येऊ लागली आहेत, आणि दारावर जे काही चालते त्याची तक्रार आतल्यांपैकी कोणीतरी केली आहे, हे त्यांनाही कळले पाहिजे. त्यांच्यासाठी एक खुलासा करून ठेवते. 'फ्लफी बनी' म्हणजे गुबगुबीत ससुला. चार पुस्तके वाचून, स्फटिक आणि अगरबत्त्या विकत घेऊन स्वतःला विक्कन म्हणवणाऱ्या उथळ माणसाला आपल्या वर्तुळात हे नाव ठेवतात. नाव ठेवणाऱ्याला ते गोड वाटते आणि ज्याला ठेवले जाते तो पुन्हा सहसा दिसत नाही.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण शब्दांची आहे. 'विच'ला 'चेटकीण' म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोष्टीतली बाई उभी राहते, आणि सातपुड्याच्या पाड्यांवर तर 'डाकीण' ठरवलेल्या बाईला आजही मारझोड आणि गावबंदी सोसावी लागते. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याला छळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला, तोही नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. म्हणून मी 'विक्का' हाच शब्द वापरते. देव आणि देवी या जोडीची उपासना, पौर्णिमेचे विधी, ऋतुचक्राचे आठ सण आणि 'कोणाचे अहित होत नसेल तर मनाला येईल ते कर' हा दंडक मानणारा, विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये उदयाला आलेला हा धर्म आहे, आणि त्याचा करणीशी काहीएक संबंध नाही, एवढे इथे पुरे.

मी कोण, हेही सांगितले पाहिजे. चौदा वर्षांपूर्वी गार्डनेरियन, म्हणजे जेराल्ड गार्डनरपासून चालत आलेल्या, परंपरेत माझी दीक्षा झाली. पहिले पत्र पाठवल्यावर उत्तर यायला सात महिने लागले, त्यानंतर रिवाजाप्रमाणे एक वर्ष आणि एक दिवस थांबावे लागले, आणि त्या काळात मला सांगितलेले काम बहुतेक वेळा विधीनंतर खुर्च्या उचलून ठेवण्याचे आणि चषक विसळण्याचे असे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चषक विसळता विसळता मी जेवढे शिकले तेवढे पुस्तकांतून शिकले नसते. तेव्हा 'सर्वांना आत घ्या, दीक्षेची अट काढून टाका' अशी मागणी करणारे हे पत्र आहे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नका.

कव्हनने, म्हणजे एकत्र विधी करणाऱ्या छोट्या मंडळाने, दार लावून घेण्यात गैर काही नाही. दहा-बारा माणसांनी एका खोलीत, काही परंपरांत विवस्त्र, मनातले सर्वांत हळवे कोपरे उघडे करून एकत्र बसायचे असेल, तर त्या खोलीत कोण येणार हे ठरवण्याचा हक्क त्या दहा-बारा जणांनाच असला पाहिजे. शपथेने राखलेले विधी शपथ न घेतलेल्यांना दाखवायचे नाहीत, हेही मला पटते. आणि गुप्ततेची सवय तुम्हाला हौसेने लागलेली नाही. १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, तोवर जाहीरपणे बोलण्याची सोयच नव्हती. कायदा गेल्यावरही नोकरी जाण्याची आणि घटस्फोटाच्या दाव्यात मुलांचा ताबा जाण्याची भीती उरलीच. १९९० मध्ये रॉचडेलला आणि १९९१ मध्ये ऑर्कनी बेटांवर सैतानपूजेच्या नुसत्या संशयावरून मुलांना घरातून उचलून नेले गेले. पुढे ते आरोप टिकले नाहीत. पण त्या दोन वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी पडदे ओढून घेतले, वेदीवरची सामग्री ट्रंकेत टाकली आणि अनोळखी आवाजाच्या फोनला उत्तर देणे सोडले. तेव्हापासून अठराच्या आतल्या कोणालाही अनेक कव्हने जवळ करत नाहीत, आणि तेही योग्यच आहे. ज्या भाषेत महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत जपून ठेवले त्या भाषेत वाढलेल्या मला, भ्यालेली माणसे पोथ्या का लपवतात, हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

माझा आक्षेप याच्या पुढच्या पायरीला आहे. 'आमच्या कव्हनमध्ये तुला जागा नाही' असे म्हणणे आणि 'तू करतेस ते विक्काच नाही' असे म्हणणे, या दोन गोष्टी आपण इतक्या सहजपणे एकमेकींत मिसळल्या आहेत की बोलताना त्यांतला फरकही आता जाणवत नाही. पहिली गोष्ट घरमालकाची झाली. दुसरी म्हणायला गावची पाटीलकी लागते, आणि ती आपल्याला कोणी दिली, हे मी बरीच वर्षे शोधते आहे.

ती परंपरेने दिली असे म्हणावे, तर परंपरेचा हिशेब फार लांबचा निघत नाही. मलायात जकात अधिकारी म्हणून नोकरी करून १९३६ मध्ये निवृत्त झालेला जेराल्ड गार्डनर १९३९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, न्यू फॉरेस्टच्या परिसरातल्या एका कव्हनमध्ये आपली दीक्षा झाल्याचे सांगतो. त्याआधीचे जे काही आहे त्याला आधार सापडणे कठीण. १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' या पुस्तकातून त्याने हा पंथ जगापुढे मांडला तेव्हा तो ख्रिस्तपूर्व धर्माचा शिल्लक राहिलेला अवशेष आहे असे म्हटले, आणि त्या पुस्तकाला मार्गारेट मरे यांनी प्रस्तावना लिहिली. चेटूक म्हणून ज्यांना जाळले-फाशी दिले त्या लोकांचा युरोपभर एक प्राचीन धर्म होता, हा मरे यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढला आहे, आणि विक्काची जडणघडण आधुनिक काळातली कशी आहे हे ब्रिस्टलच्या रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये सविस्तर दाखवून दिले. हटन यांचे ते पुस्तक तुमच्यापैकी बहुतेकांच्या कपाटात आहे. आपण ते वाचले, मान डोलावली, आणि दारावर आलेल्या मुलीशी बोलताना पुन्हा दोन हजार वर्षांचा आव आणला.

नवखेपणाबद्दल बोलायचे तर मला गार्डनरच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटींची हकीकत पुन्हा पुन्हा आठवते. त्यांची दीक्षा १९५३ च्या उन्हाळ्यातली. गार्डनरच्या हस्तलिखित बुक ऑफ शॅडोजमध्ये, म्हणजे विधींच्या वहीत, ॲलिस्टर क्राउली या गूढविद्येच्या लेखकाच्या ओळीच्या ओळी आल्या आहेत हे त्यांनी ओळखले आणि तोंडावर सांगितलेही. त्याने चिडून त्यांना हाकलून दिले नाही. तुला याहून चांगले लिहिता येत असेल तर लिही, अशा अर्थाचे आव्हान दिले, आणि त्यांनी ते लिहिले. पौर्णिमेच्या विधीत देवीच्या मुखातून जे आवाहन आपण म्हणतो, ज्यातला शब्द चुकला तर दीक्षितांच्या भुवया उंचावतात, त्याचे आजचे रूप दीक्षा होऊन फारसा काळ न लोटलेल्या एका बाईंच्या लेखणीतून उतरले आहे. आजच्या एखाद्या कव्हनमध्ये दोन वर्षांच्या दीक्षितेने 'हा मजकूर उसना आहे, मी तो नव्याने लिहिते' असे म्हटले, तर काय होईल? मला ठाऊक आहे, कारण एकदा मी तसे म्हटले होते, आणि पुढचे तीन महिने माझ्याकडे पुन्हा खुर्च्यांचे काम आले.

पुढे १९५७ मध्ये, गार्डनरच्या प्रसिद्धीच्या सोसाला आवर घालावा म्हणून व्हॅलिएंटी आणि इतरांनी काही नियम सुचवले, तेव्हा त्याने उत्तरादाखल 'जुने कायदे' पुढे केले. हे कायदे आधी कोणीही पाहिलेले नव्हते. हाय प्रीस्टेसने, म्हणजे कव्हनच्या मुख्य पुरोहित स्त्रीने, तरुण स्त्रीसाठी आपण होऊन आसन सोडावे, असे एक कलम त्यांत होते. व्हॅलिएंटींचे वय तेव्हा पस्तीस. कायदे नुकतेच रचलेले आहेत हे ओळखून त्या बाहेर पडल्या. प्राचीनतेचा दाखला देऊन समोरच्याला गप्प करण्याची आपल्याकडची पद्धत एवढी जुनी आहे. त्याच व्हॅलिएंटींनी १९७८ मध्ये, गुरू आणि कव्हन न मिळालेल्यांसाठी, स्वतःच स्वतःला दीक्षा देण्याचा विधी छापून प्रसिद्ध केला. ब्रायटनमध्ये त्या जिथे राहत त्या इमारतीवर २०१३ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली तेव्हा आपण सगळ्यांनी छायाचित्रे काढली. त्यांनी एकट्या साधकांना दिलेली मान्यता मात्र त्या छायाचित्रांत कुठे आली नाही.

ॲलेक्स सँडर्सचे उदाहरण देताना मला जरा संकोच वाटतो, कारण सात वर्षांचा असताना आजीने आपल्याला दीक्षा दिली, ही त्याची कथा कोणी खरी मानत नाही आणि मीही मानत नाही. पण त्याला गार्डनेरियन दारावरून परत पाठवले गेले होते, पुढे त्याने दुसरीकडून प्रवेश मिळवला, स्वतःचे 'अलेक्झांड्रियन' घराणे उभे केले, आणि ज्यांनी एकेकाळी त्याला भोंदू म्हटले त्यांच्या शिष्यांचे शिष्य आज अलेक्झांड्रियन दीक्षितांना आपल्या वर्तुळात बसवतात. रेमंड बकलंडने गार्डनेरियन परंपरा १९६० च्या दशकात अमेरिकेत नेली आणि दहाएक वर्षांतच तिच्यातून बाहेर पडून, स्वयंदीक्षा मान्य करणारी वेगळी परंपरा काढली. स्त्री-पुरुष जोडीच्या नियमामुळे ज्यांना आत येता आले नाही त्या समलिंगी पुरुषांनी न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात आपली स्वतंत्र परंपरा उभारली. एका दारातून परत फिरवलेल्यांनी दुसरे घर बांधायचे आणि दुसऱ्या घराने तिसऱ्याला परत फिरवायचे, हा आपल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. गाण्यातल्या घराण्यांची भांडणे ऐकत लहानाची मोठी झालेल्या मला यात नवल वाटत नाही. पण दुसऱ्या घराण्याच्या गवयाला 'तुम्ही गाता ते गाणेच नव्हे' असे म्हणण्याइतका तोल तिथेही क्वचितच सुटतो.

राहिला शब्दाच्या मालकीचा प्रश्न. 'विक्का' हा शब्द दीक्षितांचाच आहे, बाकीच्यांनी दुसरा शोधावा, असा युक्तिवाद मी तुमच्याकडून अनेकदा ऐकला आहे. गार्डनरने १९५४ मध्ये तो शब्द एका 'क'ने लिहिला आणि धर्मासाठी न वापरता त्या पंथाच्या माणसांसाठी वापरला. म्हणजे आपण आज तो ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थही नंतर आलेल्यांनीच त्याला दिलेला आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'विक्का' असे लिहिले; 'पेगन', म्हणजे विक्कासारख्या अनेक पंथांना मिळून असलेले नाव, लिहिणारे ७४ हजारांच्या आसपास होते. एका कव्हनमध्ये तेरा माणसे हा सांगीव आकडा धरला, तरी या १३ हजारांना सामावून घ्यायला एक हजार कव्हने लागतील. एवढी कव्हने या देशात आहेत, असे तुमच्यातला सर्वांत आशावादी माणूसही म्हणणार नाही. तेव्हा या धर्माचे बहुसंख्य अनुयायी एकटे आहेत, वसतिगृहाच्या आणि भाड्याच्या खोल्यांत आहेत, आणि आपल्या व्याख्येप्रमाणे ते अस्तित्वातच नाहीत.

आता हळदीकडे येते. वेगवेगळ्या परंपरांतले जे जे भावले ते उचलून साधना करणाऱ्याला आपण 'एक्लेक्टिक' म्हणतो आणि तो शब्द नाक मुरडूनच उच्चारतो. पण आपल्याच मेळाव्यांत गोल धरून म्हटल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध मंत्रगीतात सात देवींची नावे येतात आणि त्यांत इसिस आणि डायनाच्या मांदियाळीत कालीही असते. ते गीत म्हणताना मी अनेकांना डोळे मिटून डोलताना पाहिले आहे. त्या मूटच्या खोलीतही भिंतीवर सात चक्रांचे चित्र लावलेले होते. म्हणजे काली चालते, चक्रे चालतात, पण कालीच्या देशातून आलेल्या मुलीने आजीच्या डब्यातली हळद आणली की ते विक्का राहत नाही. हा तर्क मला कोणी समजावून देईल काय? ऑस्ट्रेलियातले आपले बांधव तर ऋतुचक्रच उलटे फिरवतात. तिथला हिवाळा जूनमध्ये येतो म्हणून ते सावीन एप्रिलच्या अखेरीस साजरा करतात, आणि सूर्य तिथे उत्तरेकडून जातो म्हणून त्यांतले कित्येक जण वर्तुळातली प्रदक्षिणाही उलट दिशेने घालतात. त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. भूमीचे भान म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. पुण्यातल्या एका मुलाने मला कळवले होते की बेल्टेन या सणाची होळी पेटवायची म्हटली तर १ मे रोजी गच्चीवर आधीच चाळीस अंश तापमान असते, म्हणून तो त्या रात्री माठ भरून ठेवतो आणि मोगऱ्याची फुले पाण्यात सोडतो. मला त्यात बेल्टेन दिसला. तुमच्यापैकी एकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी 'गोड आहे' म्हणून विषय बदलला.

नवख्यांची बाजू घेताना त्यांच्यावर पांघरूण घालायचे नाही. पहिल्याच मेलमध्ये शपथेतले विधी मागणारे, तीन आठवड्यांत स्वतःला हाय प्रीस्टेस घोषित करणारे, प्रियकर परत आणून देण्याचे दरपत्रक छापणारे मलाही भेटले आहेत आणि अशांना मीही दारातूनच नमस्कार केला आहे. नव्वद लाख विचेसना जाळले हा आकडा तावातावाने सांगणारेही भेटतात. खरा आकडा चाळीस ते साठ हजारांच्या घरातला आहे, असे इतिहासकार सांगतात. फक्त एवढे ध्यानात असू द्या, की नव्वद लाखांचा तो आकडा खुद्द गार्डनरने सांगितला होता आणि तुमच्या पिढीने तो कित्येक वर्षे सभांमधून सांगितला. त्यांच्या चुकांपैकी बऱ्याच आपल्याच दप्तरातल्या आहेत.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. ज्याला उत्तर मिळत नाही तो शोध सोडत नाही, तो दुसऱ्याकडे जातो. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. त्यांनी तीन कव्हनांना पत्रे पाठवली होती, एकाचेही उत्तर आले नव्हते, आणि मग एका 'हाय प्रीस्ट'ने त्यांना लगेच होकार दिला. त्याने दीक्षेच्या पहिल्या पदवीचे चारशे पाउंड घेतले, दुसऱ्याच भेटीला एकटीला विवस्त्र विधीसाठी बोलावले, आणि नकार दिल्यावर 'तुझ्यात खरी तळमळ नाही' असे सुनावले. दीक्षेसाठी पैसे घ्यायचे नाहीत, हा आपल्या परंपरेचा जुना दंडक आहे. घाई करणाऱ्या आणि एकटे गाठू पाहणाऱ्या गुरूपासून लांब राहावे, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण हे ज्ञान आपण दाराच्या आतल्या बाजूला टांगून ठेवले आहे, आणि ज्यांना त्याची गरज आहे ती माणसे दाराबाहेर उभी आहेत. त्या बाईंना कोणी दोन ओळींचे नकाराचे पत्र पाठवून त्यात ही एक सूचना लिहिली असती, तरी त्यांचे चारशे पाउंड आणि बरेच काही वाचले असते.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. आलेल्या पत्राला उत्तर द्या. जागा नसेल तर जागा नाही असे महिन्याभरात कळवा, सात महिने कोणाला टांगणीला लावू नका, आणि त्या कागदावर पैसे, वय आणि एकांत यांविषयीच्या सावधगिरीच्या चार ओळी लिहा. आपली कव्हने तशीच बंद राहू द्यात, पण वर्षाच्या आठ सणांपैकी निदान दोन तरी कोणालाही येता येईल असे उघड्यावर करा, बागेत किंवा भाड्याच्या सभागृहात, जिथे कोणी कोणाची वंशावळ विचारणार नाही. काही गावांत असे होते हे मला माहीत आहे, आणि तिथे शपथ मोडल्याची तक्रार कोणी केल्याचे माझ्या कानावर नाही. 'हे विक्का नाही' हे वाक्य निदान पहिल्या भेटीत वापरू नका. 'आमच्या परंपरेत असे करत नाहीत, आम्ही असे करतो आणि त्याचे कारण हे' असे म्हणायला दहा सेकंद जास्त लागतात. आणि 'फ्लफी बनी' हा शब्द मूटमध्ये कोणी उच्चारला, तर अध्यक्षस्थानी असलेल्याने त्याला तिथल्या तिथे थांबवावे. हे मी स्वतःलाही बजावते आहे, कारण त्या दिवशी प्रास्ताविक माझे होते आणि थांबवणे माझे काम होते.

त्या मुलीचा पत्ता मी मूटच्या नोंदवहीवरून शोधला आणि तिला क्षमापत्र पाठवले. दहा दिवसांनी तिचे उत्तर आले. रागाचा त्यात एकही शब्द नव्हता. पुढच्या मूटला येणार की नाही तेही लिहिले नव्हते. शेवटी फक्त विचारले होते, की त्या हळदीचे काय ते अजून कळले नाही.

तेव्हा त्या दिवशी आपल्यापैकी कोणीही अर्ध्या मिनिटात देऊ शकलो असतो ते उत्तर इथे लिहून पाठवते. चालेल. मीठ आपण शुद्धीसाठी वापरतो, आणि तुझ्या घरी ते काम हळद पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. चिमूटभर हळद वाटीभर पाण्यात कालव आणि बोटाने शिंपडत पूर्वेकडून सुरुवात करून उजवीकडून फिर. मेणबत्तीच्या जागी बॅटरीवरचा दिवा ठेव. फक्त खाली जुनी चादर अंथर, कारण वसतिगृहाच्या कार्पेटवरचा हळदीचा डाग निघत नाही आणि डिपॉझिट कापतात.

आपली,
मिडलंड्समधील एक दीक्षिता